ल गॉफ : एका ब्रेटन आडनावाची उत्पत्ती आणि गणना

फ्रान्सच्या वायव्य टोकाला अटलांटिक महासागरात दूरवर घुसलेल्या ब्रिटनी या द्वीपकल्पातील पश्चिमेकडच्या कोणत्याही जिल्ह्याची जुनी दूरध्वनी-सूची उघडली, तर तीत ‘ल’ या अक्षराची पाने विशेष दाट भरलेली आढळतात. ल गाल, ल रू, ल ब्रा, ल बेर, ल म्योर, ल केरे अशी आडनावे एकामागून एक उतरत जातात, आणि त्या मांदियाळीत ल गॉफ या नावाने कित्येक स्तंभ व्यापलेले असतात. फिनिस्तेर आणि कोत-दार्मोर या दोन जिल्ह्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या मोजक्या आडनावांत त्याची गणना होते. या नावाचा अर्थ सोपा आहे आणि त्याविषयी विद्वानांत वादही नाही: ब्रेटन भाषेत ‘गोव्ह’ म्हणजे लोहार. परंतु अर्थ कळला म्हणजे नावाचा इतिहास कळला असे होत नाही, आणि आजचा आकडा हाती आला म्हणजे त्या इतिहासाचे फलित हाती आले असेही होत नाही. लोहाराच्या भट्टीपासून आजच्या सांख्यिकी कोष्टकापर्यंत हे नाव ज्या वाटेने आले, त्या वाटेवर धर्मगुरूंची लेखणी, राजाचे फर्मान, करवसुलीची दप्तरे आणि आगगाडीचे रूळ असे अनेक टप्पे आहेत. आणि माझे असे निश्चित मत झाले आहे की, आडनावाची वारंवारता हे मूलतः रक्ताचे मोजमाप नसून लेखनाचे मोजमाप आहे. ल गॉफ हे नाव त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे, कारण त्याचा अर्थ निर्विवाद असल्यामुळे लक्ष विचलित करणारे व्युत्पत्तीचे कूट येथे नाही.

प्रथम शब्दाकडे वळू. मध्ययुगीन ब्रेटनमध्ये हा शब्द शेवटी दोन ‘फ’ देऊन लिहीत, आणि आडनावाने ते लेखन आजतागायत जतन केले आहे. भाषेतील बोलता शब्द मात्र ‘गोव्ह’ या रूपाने पुढे गेला. ब्रेटन, फ्रेंच आणि लॅटिन अशा तीन भाषांचा जो ‘काथोलिकॉन’ नामक कोश जहां लागादेक याने १४६४ मध्ये सिद्ध केला आणि जो १४९९ मध्ये त्रेगिए येथे मुद्रित झाला, तो याच काळातील ब्रेटन शब्दसंपत्तीचा साक्षीदार आहे. वेल्श भाषेत लोहाराला ‘गॉफ’ म्हणतात, कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेतही तोच शब्द आहे, आयरिशमध्ये ‘गावा’ हे त्याचेच भावंड आहे, आणि मुख्यभूमीवरील प्राचीन गॉलमध्येही त्याची मुळे पसरलेली दिसतात. ज्यूलियस सीझरने आपल्या गॉलच्या युद्धवृत्तान्तात गॉलचा सेनानी व्हेर्सिंजेतोरिक्स याच्या काकाचे नाव गोबान्नितिओ असे दिले आहे. वेल्समधील आबरगाव्हेनी या गावी रोमन ठाणे होते, त्याचे नाव गोबान्निउम. आणि ज्या अलेसियाला व्हेर्सिंजेतोरिक्सने शरणागती पत्करली, त्याच ठिकाणी, आजच्या आलीझ-सँत-रेन येथे, १८३९ मध्ये सापडलेल्या गॉलिश शिलालेखात उक्वेतिस या देवतेच्या संदर्भात लोहारांचा उल्लेख ‘गोबेद्बि’ या विभक्तिरूपात आलेला आहे. आयर्लंडच्या पुराणकथांतील गोइब्न्यू आणि वेल्शमधील गोवान्नॉन ही लोहारदैवतेही याच धातूची.

एवढे पुरावे एका ओळीत मांडले की, ल गॉफ हे आडनाव थेट गॉलच्या मातीतून उगवले असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालाही आहे. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही, त्यामागे एक खरी विद्वत्चर्चा आहे. ब्रेटन ही भाषा पाचव्या ते सातव्या शतकात ग्रेट ब्रिटनच्या नैर्ऋत्येकडून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी आणली, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु फ्रान्स्वा फाल्कुन या ब्रेटन धर्मगुरू-भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास असे प्रतिपादन केले की, द्वीपकल्पात गॉलिश भाषा तोवर मेलेली नव्हती आणि तिचा वारसा ब्रेटनच्या, विशेषतः दक्षिणेकडील बोलींच्या, घडणीत मिसळला. केनेथ जॅक्सन यांनी १९६७ मधील ब्रेटनच्या ध्वनिविषयक इतिहासग्रंथात ब्रिटनमधून झालेल्या आगमनाच्या बाजूने जी बारकाईची मांडणी केली, तिच्यापुढे फाल्कुन यांचा आग्रह टिकत नाही असे मला वाटते. तथापि समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच शब्द नांदत असेल, तर नवागतांना तो विसरण्याचे कारणही नव्हते. आडनावापुरते बोलायचे तर अलेसियाचा शिलालेख हा ल गॉफचा पूर्वज नसून चुलतभाऊ आहे, असे मानणे अधिक सुरक्षित.

लोहारालाच एवढे महत्त्व का, हा प्रश्न यानंतर ओघाने येतो. राजा हीवेल द्दा याच्या नावाने परंपरेने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श विधिसंग्रहात असे कलम आहे की, कुळाच्या वा दासाच्या मुलाने धन्याच्या अनुमतीवाचून तीन विद्या शिकू नयेत: लेखन-पठनाची धर्मविद्या, लोहारकाम आणि कविविद्या. त्या विद्या शिकणारा माणूस स्वतंत्र होई, आणि म्हणून धनी सावध असत. हे कलम वेल्सचे आहे, ब्रिटनीचे नव्हे. तरीही ज्या जनसमूहाने ब्रेटन भाषा समुद्रापार नेली, त्याच्या मनात लोहाराचे स्थान केवढे होते, याची कल्पना त्यावरून येते. ब्रिटनीत सँ एल्वा (ब्रेटनमध्ये सांत आलार) हा लोहारांचा आणि घोड्यांचा संरक्षक संत मानला जाई आणि त्याच्या यात्रांत घोड्यांना आशीर्वाद दिला जाई. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, घोड्याची नाल, दाराची बिजागरी, या सर्वांसाठी प्रत्येक खेड्याला एकतरी भट्टी लागे. पण एका खेड्यात सहसा दहा लोहार नसत. आणि ओळख पटविण्याचे काम जे विशेषण करते, ते गर्दीत विरून जाणारे असून चालत नाही. शेतकरी सगळेच असल्याने ‘शेतकरी’ हे वर्णन कोणालाच वेगळे काढीत नाही. लोहार एकच असल्याने ‘लोहार’ हे वर्णन त्याला अचूक वेगळे काढते. शिवाय हा धंदा बापाकडून मुलाकडे जाणारा असल्याने ते वर्णन त्या घराला दोन-तीन पिढ्या सलग चिकटून राहिले आणि मगच आडनाव म्हणून घट्ट झाले. जगात सर्वत्र लोहारवाचक आडनावे विपुल का आहेत, इंग्रजांत स्मिथ, जर्मनांत श्मिट, हंगेरीत कोवाच, स्पेनमध्ये एर्रेरो आणि खुद्द फ्रान्समध्ये लफेव्र, फाब्र, फोर ही नावे एवढी का पसरली, त्याचे उत्तर याच रचनेत आहे.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, आणि वंशावळी शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या तो पचनी पडणे अवघड जाते: ल गॉफ नावाचे एक कुळ कधीच नव्हते. ज्या ज्या पॅरिशमध्ये भट्टी होती, त्या त्या ठिकाणी हे नाव स्वतंत्रपणे जन्माला आले. याउलट ‘केर’ म्हणजे वस्ती वा वाडी, हा उपसर्ग घेऊन येणारी जी शेकडो ब्रेटन आडनावे आहेत, ती एखाद्या विशिष्ट वाडीच्या नावावरून आलेली असल्याने पुष्कळदा एकाच घरापर्यंत मागे नेता येतात. म्हणून दोन ल गॉफ भेटले तर ते भाऊबंद असण्याची शक्यता थोडी. एखाद्या विरळ ‘केर’ नावाचे दोघे भेटले तर ती पुष्कळ.

ब्रेटन आडनावांचे अभ्यासक त्यांचे ढोबळमानाने चार वर्ग करतात. पहिला वर्ग जुन्या व्यक्तिनामांचा: तांगी, मोर्वां, एर्व्हे, जेझेकेल, गीवार्ख ही नावे एका काळी माणसांची स्वतःची, दोन अर्थपूर्ण शब्द जोडून केलेली, वीरयुगाला शोभणारी नावे होती. दुसरा वर्ग स्थलनामांचा, तिसरा व्यवसायांचा, आणि चौथा शरीराच्या वा स्वभावाच्या विशेषांचा. या चौथ्यात ल गाल म्हणजे परका किंवा फ्रेंच बोलणारा, ल ड्यू म्हणजे काळा, ल गेन म्हणजे गोरा, ल मोआल म्हणजे टक्कल पडलेला, ल कॅम म्हणजे लंगडा, ल दांतेक म्हणजे दाताळ, लागादेक म्हणजे मोठ्या डोळ्यांचा, अशी रोखठोक नावे येतात. व्यवसायवाचकांत ल केरे हा चांभार, केमेनेर हा शिंपी, ल काल्वेझ हा सुतार, किविजेर हा कातडे कमावणारा. पण या साऱ्यांच्या अग्रभागी ल गॉफच आहे. ‘इक’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लावला की ल गॉफिक होते, म्हणजे धाकटा लोहार किंवा लोहाराचा पोरगा. लानिऑं येथे १८६३ मध्ये जन्मलेला आणि १९३० मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आलेला कवी शार्ल ल गॉफिक याच शाखेच्या नावाचा.

या वर्गीकरणामागे दीर्घ परिश्रम आहेत. जोझेफ लोत याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनग्रंथात जुन्या सनदांतील ब्रेटन नावांचे आणि शब्दांचे भांडार प्रथम व्यवस्थित मांडले गेले. फ्रांसीस गुर्व्हिल याने १९७० मध्ये स्थलनामांतून आलेल्या आडनावांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. आणि आल्बेर देशे याचा १९९५ चा आडनावकोश आज सामान्य वाचकाच्या आणि संशोधकाच्या हाती सारखाच असतो. या परंपरेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा की, तिने आजच्या उच्चारावरून अर्थ लावण्याची जुनी हौस सोडून दिली आणि प्रत्येक नावाचे सर्वांत प्राचीन लिखित रूप शोधण्याचा नियम स्वतःला घालून घेतला. तिचा उणेपणा असा की, नावाच्या जन्माकडे तिने जेवढे लक्ष दिले, तेवढे ते नाव पुढे दप्तरांत कसे वागविले गेले याकडे दिले नाही.

त्या दप्तरांची कथा आता पाहू. रेदॉंच्या मठाच्या सनदसंग्रहात नवव्या शतकातील जी कागदपत्रे उतरवून घेतलेली आहेत, त्यांत माणसाला एकच नाव असते. धंदा सांगायचा झाला तर तो लॅटिनमध्ये निराळा सांगितला जाई. अकराव्या शतकानंतर दुसरे नाव जोडण्याची चाल वाढली आणि पुढील तीन-चार शतकांत ते वंशपरंपरागत झाले. ड्यूक पाचवा जॉं याच्या अमदानीत, १४२६ च्या सुमारास, चुलीवार बसविलेल्या कराची जी व्यापक फेरतपासणी झाली, तीत पॅरिशवार कुटुंबप्रमुखांची नावनिशी लिहिली गेली. त्या याद्या खानेसुमारीसाठी नव्हे तर वसुलीसाठी केलेल्या असल्या, तरी आडनावांच्या इतिहासाला त्यांच्याइतका मोलाचा आधार थोडा आहे. धर्मपीठही मागे नव्हते. नान्तचे बिशप आंरी ल बार्ब्यू यांनी १४०६ मध्येच बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा आदेश काढला होता, आणि ब्रिटनीत टिकून राहिलेली सर्वांत जुनी पॅरिश-वही, १४५१ ची, रॉझ-लांद्रिए या गावची आहे. ब्रिटनी १५३२ मध्ये फ्रान्सच्या राजसत्तेत विलीन झाली, १५३९ मध्ये व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या वह्या सर्व राज्यात सक्तीच्या झाल्या, १७९२ मध्ये त्या नगरपालिकांच्या ताब्यात गेल्या, आणि क्रांतिवर्ष दोनच्या फ्रुक्तिदोर महिन्याच्या सहाव्या दिवशी, म्हणजे २३ ऑगस्ट १७९४ रोजी, असा कायदा झाला की, जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरे नाव कोणाही नागरिकाने धारण करू नये. बोलण्यातील प्रवाही नाव कागदावर गोठून जाण्याची क्रिया त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण झाली.

परंतु ही सर्व नोंद करणारा कारकून कोणत्या भाषेत लिहीत होता? प्रथम लॅटिनमध्ये, नंतर फ्रेंचमध्ये; ब्रेटनमध्ये कधीच नाही. ल गॉफ या नावाची सारी विचित्र घडण या एका वस्तुस्थितीतून निघते. शेजारीपाजारी त्या माणसाला ‘अन गॉफ’, पुढे ‘आर गोव्ह’ म्हणत. ‘अन’ आणि ‘आर’ ही ब्रेटनमधील निश्चयवाचक उपपदे, पैकी ‘अन’ हे सर्वत्र चालणारे जुने रूप. लेखकाने उपपदाचे फ्रेंच ‘ल’ केले आणि पुढचे नाम जसेच्या तसे ठेवले. अर्धे नाव भाषांतरित झाले, अर्धे राहिले. आणि पश्चिम ब्रिटनीतील हजारो कुटुंबांच्या बाबतीत हीच अर्धवट अवस्था कायमची ठरली. जुन्या ‘अन’ची खूण आता स्थलनामांत शोधावी लागते: ब्रेस्त शहरातील केरांगॉफ या विभागाच्या नावात, म्हणजे ‘लोहाराच्या वाडी’त, ते उपपद अजून सुरक्षित आहे, कारण वाडीच्या नावाचे भाषांतर करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

हाच लोहार इतर केल्टिक प्रदेशांत कोणत्या दप्तराच्या हाती सापडला, त्यावर त्याचे नशीब ठरले. कॉर्नवॉलमध्ये उपपदासकट ‘अँगोव्ह’ हे आडनाव शिल्लक राहिले. सातव्या हेन्रीने स्कॉटलंडवरील मोहिमेसाठी बसविलेल्या कराविरुद्ध १४९७ मध्ये कॉर्नवॉलच्या रयतेचे बंड घेऊन जो लंडनवर चालून गेला आणि २७ जून रोजी टायबर्न येथे ज्याला देहदंड झाला, तो सेंट केव्हर्नचा लोहार मायकेल जोझेफ ‘अन गॉफ’ याच नावाने स्मरणात आहे. आयर्लंडमध्ये ‘लोहाराचा पुत्र’ या अर्थाचे मॅक गावन हे नाव काही ठिकाणी मॅकगोवन झाले, तर कॅव्हन परगण्यात पुष्कळ घराण्यांनी त्याचे सरळ स्मिथ करून टाकले. तेथे भाषांतर अर्ध्यावर थांबले नाही, आणि आज त्या स्मिथांना इंग्लिश स्मिथांपासून वेगळे काढणे कागदपत्रांवाचून अशक्य आहे. ब्रिटनीतही कोण्या ल गॉफचे ल फेव्र झाले असणे असंभव नाही. म्हणून सीमेलगतच्या पॅरिशांत दोन्ही नावांच्या वह्या शेजारी ठेवून तपासल्याखेरीज कोणताही निर्णय देऊ नये, हे बरे.

सीमेचा हा मुद्दा नकाशाकडे नेतो. ब्रिटनीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग भाषेने पाडले आहेत. पश्चिमेकडील खालच्या ब्रिटनीत ब्रेटन चाले. पूर्वेकडील वरच्या ब्रिटनीत, रेन आणि नान्तच्या प्रदेशात, गालो ही रोमान्स बोली. पॉल सेबिल्यो याने १८८६ मध्ये ही सीमारेषा उत्तरेस प्लुआच्या परिसरापासून दक्षिणेस व्हानच्या पूर्वेपर्यंत आखली. तिच्या पश्चिमेस लोहार ल गॉफ आहे. पूर्वेस, विशेषतः ल्वार-अतलांतिक आणि इल-ए-विलेनमध्ये, तोच लोहार लफव्र या फ्रेंच नावाने वावरतो. एकाच धंद्याची दोन आडनावे एकाच प्रांतात दोन भाषांचे क्षेत्र दाखवितात, आणि ती भाषासीमा त्यानंतर पश्चिमेकडे पुष्कळ मागे हटली असली, तरी आडनावांनी जुनी रेषा सोडलेली नाही. भाषा पिढीगणिक मरू शकते, नाव कायद्याने बांधलेले असल्याने तसे मरत नाही. त्यामुळे ब्रिटनीच्या भाषिक भूगोलाचा आडनावांइतका चिवट पुरावा दुसरा नसेल.

आता गणनेकडे. आज फ्रेंच आडनावांच्या वारंवारतेविषयी जे काही ठामपणे बोलले जाते, त्याचा आधार फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने प्रसिद्ध केलेली, १८९१ ते २००० या काळातील जन्मांची जिल्हावार आडनावसूची हा आहे. ती सूची अमोल आहे. पण ती जे मोजते ते नेमके काय, हे न पाहता तिच्यावर उड्या मारणारांची संख्या मोठी आहे. ती जन्म मोजते, हयात माणसे मोजत नाही. राष्ट्रीय ओळखनोंदवही यंत्रबद्ध होण्यापूर्वी जे निवर्तले, ते तीत बव्हंशी नाहीत. म्हणजे पहिल्या महायुद्धात पडलेली ब्रेटन तरुणांची पिढी तिच्या पहिल्या स्तंभातून बहुतांशी गळालेली आहे. ही हानी लहान नव्हे. सँत-आन-दोरे येथील स्मारकावर ब्रिटनीच्या मृतांची संख्या २,४०,००० अशी कोरली आहे. इतिहासकार आज ती जवळजवळ निम्मी धरतात, तरीही ती भयंकरच राहते. सँ-ब्रिअ नगरीचे ल गॉफ नावाचे शिल्पकार बंधू त्याच युद्धाने गिळले.

दुसरी अडचण रूपभेदांची. सूचीत सर्व नावे मोठ्या अक्षरांत, स्वरचिन्हांविना येतात. ‘ल’ आणि ‘गॉफ’ वेगळे लिहिले तर एक नाव, जोडून लिहिले तर दुसरे नाव, शेवटी एकच ‘फ’ असेल तर तिसरे. शिवाय संपूर्ण कालखंडात ३० हून कमी जन्म असलेली नावे सूचीतून वगळली जातात, त्यामुळे विरळ लेखनप्रकार मुळात दिसतच नाहीत. ल गॉफसारख्या बलाढ्य नावाला याची झळ थोडी लागते, परंतु एखाद्या दुर्मिळ ‘केर’ नावाचे सारे अस्तित्वच त्या उंबरठ्याखाली जाते. जुन्या ब्रेटन लेखनात ‘केर’ हा उपसर्ग ‘क’च्या अक्षरावर आडवा छेद देऊन संक्षेपाने लिहीत, परप्रांतीय कारकुनांना त्या छेदाचा अर्थ न कळल्यामुळे एकाच घराण्याची नावे निरनिराळी उतरली, आणि यंत्राने त्यांना निरनिराळी घराणी मानले.

तिसरी अडचण ठिकाणाची. पूर्वी मूल घरी जन्मत असे, म्हणून जन्मस्थळ हेच कुटुंबाचे गाव होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या आणि गावोगावचे जन्म ब्रेस्त, कँपेर, लानिऑं अशा शहरांच्या खात्यावर चढले. म्हणून गावपातळीवर जन्म मोजले तर अलीकडच्या काळात खेडी ओस पडलेली आणि शहरे फुगलेली दिसतात, त्यातील काही भाग खऱ्या स्थलांतराचा, आणि काही केवळ प्रसूतिगृहाच्या पत्त्याचा. प्रांताची सीमासुद्धा गणनेत ढवळाढवळ करते: नान्तसह ल्वार-अतलांतिक हा ऐतिहासिक ब्रिटनीचा भाग, पण १९४१ च्या व्हिशी सरकारच्या आदेशाने तो प्रादेशिक रचनेतून वेगळा काढला गेला आणि पुढेही वेगळाच राहिला. ‘ब्रिटनीतील प्रमाण’ म्हणून दिलेल्या आकड्यात तो धरला आहे की नाही, हे सांगितल्याविना आकड्याला अर्थ नाही.

एवढी सावधगिरी बाळगूनही एक चित्र स्पष्ट उमटते. सूचीच्या आरंभकाळी ल गॉफांचे जन्म अत्यंत मोठ्या प्रमाणात खालच्या ब्रिटनीत एकवटलेले आहेत. शतक पुढे सरकते तसे पॅरिस आणि त्याच्या भोवतालचे जिल्हे नकाशावर गडद होत जातात. कारण उघड आहे. आगगाडी १८५७ मध्ये रेनला, १८६३ मध्ये कँपेरला आणि १८६५ मध्ये ब्रेस्तला पोचली, आणि दाट वस्तीच्या, लहान तुकड्यांच्या, भरपूर अपत्यांच्या त्या शेतीप्रधान प्रदेशातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकाच्या आसपास, सँ-दनीच्या कारखान्यांत, ल हाव्रच्या गोदीत, आंझेजवळच्या त्रेलाझेच्या पाटीच्या दगडाच्या खाणींत, पुढे १९२० नंतर दक्षिणेकडील दॉर्दोञच्या ओसाड पडलेल्या शेतांवर ब्रेटन कुटुंबे गेली. मध्ययुगाचा थोर इतिहासकार ज्याक ल गॉफ याचा जन्म १९२४ मध्ये झाला तो भूमध्य समुद्राकाठच्या तूलाँमध्ये, ब्रेटन वंशाच्या पित्याच्या पोटी. अशा प्रत्येक जन्माने दक्षिणेकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या खात्यात एका ब्रेटन नावाची भर पडली. आणि युरोपीय मध्ययुगातील श्रम, काळ आणि मुद्रा यांचा इतिहास ज्याने आयुष्यभर लिहिला, तो त्याच मध्ययुगाच्या एका श्रमाचे नाव धारण करीत होता, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते.

समुद्रापारच्या वाटा अधिक जुन्या. कॅनडात गेलेल्या, केर्व्होआक हे उपनाम लावणाऱ्या उएलग्वाच्या एका ल बियांच्या वंशात अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅक जन्मला. मूळ ‘ल बियां’, म्हणजे धाकटा वा लहानखुरा, हे आडनाव त्यातून पार गळून गेले आणि वाडीचे नाव तेवढे उरले. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य ब्रिटनीतील गूरँ परिसरातून न्यूयॉर्ककडे मोठे निर्गमन झाले. हिंदुस्थानशीही ब्रेटन नावांचा संबंध आहे: फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी १६६६ मध्ये ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर वसविलेल्या लोरिआं बंदरातूनच तिची गलबते सुरत आणि पाँडिचेरीकडे निघत, आणि १७२५ मध्ये ज्याने मलबारचे माहे घेण्यात भाग घेतला व १७४६ मध्ये मद्रास जिंकले, तो सँ-मालोचा माहे द ला बुर्दोने जे आडनाव वागवीत होता, ते ‘माहे’ हे मॅथ्यू या नावाचे ब्रेटन रूप असून ब्रिटनीत आजही रुळलेले आहे. सेशेल्सच्या मुख्य बेटाचे नाव त्याच्यावरून पडले. मलबारच्या गावाचे मल्याळी नाव मय्यळी; त्याचे फ्रेंच रूप या सरदारावरून आले की ध्वनिसाम्यावरून, याविषयी मतभेद आहे.

इंग्लिशभाषी देशांत आढळणाऱ्या प्रत्येक गॉफला मात्र ब्रेटन मानण्याची घाई करू नये. १०६६ च्या नॉर्मन स्वारीबरोबर ॲलन रूफस यासारख्या ब्रेटन सरदारांच्या मागोमाग पुष्कळ ब्रेटन इंग्लंडच्या पूर्व भागात स्थायिक झाले, आणि तेथील गॉफ हे नाव त्यांच्यापैकी लोहारांचे असावे, असे मानले जाते. परंतु वेल्सच्या सरहद्दीवरचे ‘गफ’ हे नाव बहुधा ‘कोख’ म्हणजे तांबडा या वेल्श शब्दापासून आलेले आहे, त्याचा भट्टीशी काही संबंध नाही. जागतिक वारंवारतेचे जे तक्ते ही सर्व रूपे एकत्र करून आकडा फुगवितात, त्यांचा उपयोग शून्य.

आणखी एका विसंगतीकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही. नावाची संख्या टिकून आहे, पण ते नाव ज्या भाषेतले, ती भाषा ओसरली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रेटन बोलणारे दहा लाखांच्या घरात होते. २०१८ च्या पाहणीत ते सुमारे २ लाख, आणि त्यानंतरच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १ लाख ७ हजार एवढेच आढळले. आपल्या आडनावाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागतो, असे ल गॉफ आता बहुसंख्य आहेत. शाळेतून आणि सरकारी व्यवहारातून भाषेची हकालपट्टी ज्या राज्यव्यवस्थेने केली, तिच्याच नोंदवहीने त्या भाषेचे शब्द आडनावांच्या रूपाने अभंग राखले, हे इतिहासातले एक दुःखद सत्य आहे. काही लेखक-कवींनी आपले नाव पुन्हा ब्रेटन वळणाने लिहिले. १९१७ मध्ये रणांगणावर पडलेला कवी यान-बेर काल्लोख हा सरकारी कागदात जॉं-पिएर होता. परंतु ‘आर गोव्ह’ असे लिहिणाऱ्याची गणना कोष्टकात ल गॉफमध्येच होते, कारण कोष्टक जन्मदाखला पाहते.

पुढील गणनेचे स्वरूप मात्र बदलणार आहे. दोन शतकांहून अधिक काळ नाव बापाकडूनच जात असल्याने मुलगा नसलेल्या घरी ते संपे, आणि या गळतीत विरळ नावे नाहीशी होऊन दाट नावे अधिक दाट होत, हे गणितज्ञ बिएनएमे याने १८४५ मध्येच दाखवून दिले होते. २००२ मध्ये संमत होऊन २००५ पासून अमलात आलेल्या कायद्याने आईचे, बापाचे किंवा दोघांचे जोडनाव मुलाला देण्याची मुभा मिळाली, आणि २०२२ च्या जुलैपासून प्रौढ व्यक्तीला आईबापांपैकी दुसऱ्याचे नाव साध्या अर्जाने घेता येऊ लागले. त्यामुळे ल गॉफ हे नाव आता आईकडूनही चालू शकेल, आणि ‘ल गॉफ’ मागेपुढे जोडलेली दुहेरी नावे वह्यांत येतील. सांख्यिकी संस्थेची १८९१ ते २००० ही मालिका नेमकी या बदलाच्या आधी थांबते. तिच्यापुढे जोडली जाणारी कोणतीही नवी मालिका जोडनावाला स्वतंत्र नाव मानून मोजणार की त्याच्या दोन्ही घटकांच्या खात्यावर चढविणार, यावर लोहाराच्या या आडनावाची यापुढची चढउतार अवलंबून राहील.